तिसरा लिथा

एब्बाने डावा डोळा मिटला, उजवा हात लांब केला आणि तर्जनी उभी धरली. समोरच्या दोन डोंगरांमधल्या खाचेपासून सूर्य बोटभर उजवीकडे उगवला होता. तिने हात खाली घेतला, झटकला, पुन्हा धरला. बोटभरच. तिसऱ्यांदा तिने अंगठा धरून पाहिला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात शालीत ओढून घेतला.

"सरक की जरा, मेल्या," ती सूर्याला म्हणाली. "तुझं काय जातंय?"

सूर्य आपल्या वाटेने वर चढला. दवाने तिचे कातडी जोडे भिजून जड झाले होते. टेकडीवरच्या ज्या दगडावर ती उभी होती, त्याला दोन टाचांच्या खोलगट खुणा पडल्या होत्या. सासऱ्याच्या आज्याच्याही आधीपासून या घरातलं कुणी ना कुणी इथे टाचा जुळवून उभं राहत आलेलं. त्या खुणांत तिची पावलं सैल बसत. आज त्या दगडावर थुंकावं असं तिच्या मनात आलं, पण थुंकली नाही.

लिथा म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसांचे जोडमहिने, आणि दुसऱ्या लिथाचा चंद्र संपायला तीन दिवस उरले होते. तोवर सूर्य खाचेत जाऊन माघारी फिरला, तर पुढचा महिना तणाचा. नाही फिरला, तर मध्ये एक अधिक महिना, तिसरा लिथा. इथे फिरणं राहिलं दूर, सूर्य खाचेपर्यंत पोचलाही नव्हता. आणि तणाच्या महिन्याची पहिली कोर दिसली की तिच्या नवऱ्याला, किन्नाला, नदी ओलांडून घरी यायची मुभा होती. त्याआधी त्याने अलीकडच्या काठावर पाय ठेवला, तर ज्याच्या हातात भाला असेल त्याने तो खुशाल चालवावा, असा पंचांचा निवाडा होता.

निवाडा झाला तेव्हा सहा चंद्रांचं अंतर होतं. किन्ना पलीकडे कुठेतरी काठीवर सहा मोजणार आणि निघणार. इकडे लागणार होते सात.

ती उतरून घरी आली तेव्हा सासरा, हुन्ना, दारातल्या ओंडक्यावर बसला होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. महिन्यांची काठी आडवी मांडीवर होती आणि अंगठा तिच्यावरच्या खाचांवरून फिरत होता.

"दिसला?"

"ढग होते."

हुन्नाने दोन्ही पाय पुढे सरकवले.

"सूनबाई, ऊन माझ्या घोट्यापर्यंत आलंय. ढग कुठल्या गावाला होते?"

एब्बाने हातातली चरवी इतक्या जोरात ठेवली की कोंबड्या उडाल्या.

"बोटभर उजवीकडे. झालं समाधान?"

"खाचेच्या आत की बाहेर?"

"बाहेर. खाच लागलीच नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. बाजारात भाव ऐकून हलवावी तशी.

"म्हणजे तिसरा लिथा."

"मामंजी, एवढं एक वर्ष जाऊ द्या. पुढच्या वर्षी दोन घाला, चार घाला, मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"चंद्र काय माझ्या बापाचा गडी आहे?"

"तुमचा मुलगा मरेल."

अंगठा काठीवर थांबला. जिथे गेल्या वर्षीची अधिक खाच असायला हवी होती आणि नव्हती, तिथे.

"गेल्या वर्षी त्याने सूर्याला ढकललं," हुन्ना म्हणाला. "या वर्षी तू ढकल. पुढच्या वर्षी आपण बर्फात पेरणी करू. तणाचा महिना म्हणे! जव अजून गुडघ्याला लागलेला नाही, आणि तण उपटायला निघाली!"

म्हातारा चुकत असता तर भांडता तरी आलं असतं. ती गोठ्यात गेली आणि गाईवर ओरडली.

गेल्या वर्षी काय घडलं, ते वस्तीतलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. हुन्नाचे डोळे गेल्यापासून किन्ना टेकडी चढायचा. लिथाच्या शेवटी तो आला आणि म्हणाला, सूर्य फिरला. तो टेकडी चढलाच नव्हता. अधिक महिना राहून गेला आणि पुढचं सगळंच महिनाभर आधी येऊन पडलं. जनावरं कापायचा महिना लागला तेव्हा दुपारी अजून अंगाला घाम येत होता. पण महिना तो महिना. डुकरं कापली, म्हातारे बैल कापले, मीठ चोळून मांस धुरावर टांगलं, आणि पंधरा दिवसांत घराघरातून वास सुटला. हिवाळ्याच्या मध्याचा, यूलचा सण झाला. त्यानंतर दिवस वाढायचे, तर ते लहानच होत राहिले, आणि लोकांची पाचावर धारण बसली. तेव्हा हुन्नाने पोराला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, आणि पोराने खरं सांगितलं.

चिखलाच्या महिन्यात पाच माणसं उपासाने गेली. डुड्डा लोहाराची आई गेली आणि चार वर्षांची मुलगी गेली. पंचांनी निवाडा दिला: तणाचा महिना लागेतो किन्नाला अलीकडे आग नाही, अन्न नाही, शब्द नाही. जो देईल तोही त्याच्यामागून नदीपार. हुन्नाला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "न्याय आहे." त्या दिवसापासून त्याने पोराचं नाव घेतलं नव्हतं.

बरं, चुकलेला महिना लगेच भरून काढावा, तर तेही नाही. अधिक महिना घालायचा तो लिथातच, ही रीत. म्हणून यंदा तीन धारांचा महिना आला तेव्हा गायी एक धार धड देत नव्हत्या, आणि बाया रीत म्हणून दिवसातून तीनदा रिकाम्या चरव्या घेऊन गोठ्यात जात होत्या. एब्बाही जात होती. जाताना शिव्या देत होती, कधी चंद्राला, कधी नवऱ्याला.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. त्या पहाटे पाऊस भुरभुरत होता. लग्नाला तीनच महिने झाले होते. किन्ना उठून जोडे शोधत होता, आणि एब्बा पांघरुणातून म्हणाली होती, "कशाला जातोस? सांग मामंजींना, फिरला म्हणून. एका दिवसाने काय होतंय?" पंचांनी विचारलं तेव्हा किन्नाने पाऊस सांगितला, आळस सांगितला. तिचं नाव सांगितलं नाही.

दुपारी मीठवाला आला. कादेल त्याचं नाव, पश्चिमेच्या डोंगरातला, वेगळ्या बोलीचा माणूस. त्याच्या लोकांची मिठागरं नदीच्या पलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर होती, आणि किन्ना तिथेच लाकडं फोडतो अशी कुणकुण होती. एब्बाने चीजचा अख्खा गोळा फडक्यात बांधला आणि त्याला कुंपणाच्या मागे गाठलं.

"कादेलदादा, एक निरोप न्यायचाय."

"ताई, माझ्याकडे मीठ मिळतं. निरोप ठेवत नाही."

"एवढाच सांगायचा, सात."

"अंहं. तुमचे पंच मला या काठावर मीठ विकू देतात. ते काय मी तुमच्या सातासाठी घालवू?" त्याने चीजचा वास घेतला. "आहे तो तिथे, गोऱ्या केसांचा. काठीवर खाचा पाडतो. आमची पोरं हसतात त्याला."

"किती खाचा झाल्या?"

"मी मोजायला गेलो नाही."

"तुमच्याकडे आता कुठला महिना?"

"आमचा महिना चंद्र सहा दिवसांचा झाला की लागतो. तुमच्यासारखा कोर दिसली रे दिसली की नाही. आणि अधिक महिना म्हणशील, तर आमचा गेल्याच साली झाला."

एब्बा एक पाऊल पुढे आली.

"म्हणजे तिथे सगळे म्हणणार, यंदा नाही?"

"यंदा नाहीच."

"मग तो तुमचं मोजतो की आमचं?"

"ते मला काय ठाऊक? माणूस तुमचा, चंद्र तुमचा." कादेलने मिठाचं माप जरा सैल हाताने भरलं, चीज गाढवावर टाकलं आणि निघून गेला.

एब्बा मीठ हातात घेऊन उभी राहिली. तिला किन्नाचाच राग आला. जो माणूस दोनशे पावलांची टेकडी चढला नाही, तो परक्या मुलखात बसून कसला हिशोब लावणार? कुणी म्हटलं सहा, की हा बापडा सहा म्हणून निघेल. येताना शीळही घालत येईल, मूर्ख.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्ती मोठ्या ओकखाली जमली. एब्बा त्याही पहाटे टेकडीवर जाऊन आली होती, आणि सगळ्यांनी तिला जाताना-येताना पाहिलं होतं. गेल्या वर्षीपासून कुणी ना कुणी पाहतंच. वस्तीचा मुखिया वुफा मधोमध बसला होता. हुन्ना काठी टेकून उभा राहिला. डुड्डा कडेला होता, काखोटीला भाला, नुकतीच धार लावलेला.

"चंद्र संपला," हुन्ना म्हणाला. "ज्याचे डोळे त्याचं तोंड. सूनबाई, सांग."

एब्बाने डुड्डाकडे पाहिलं. तोही तिच्याचकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त वाट बघत होता, नुसती वाट. त्याच्या बायकोच्या गळ्यात लाकडी मण्यांची लहान माळ होती, लहान पोरीच्या मापाची, दोऱ्याने वाढवलेली.

'फिरला' म्हणायला एक श्वास पुरला असता.

"नाही फिरला," एब्बा म्हणाली. "खाचेपासून अर्धं बोट अजून बाकी आहे."

"तिसरा लिथा," हुन्नाने जाहीर केलं.

"दुष्काळात तेरावा महिना!" मागून एक म्हातारी ओरडली. "आधीच पीठ संपलंय!"

"महिना वाढवला म्हणून दिवस वाढत नाहीत गं आजी," वुफा वैतागून म्हणाला. "पीक पिकायचं तेव्हाच पिकणार."

"मग घालता कशाला?"

कुणीतरी हसलं. एब्बाच्या डोळ्यांना पाणी आलं ते रागाचं होतं, असं तिने स्वतःला बजावलं. डुड्डा वळला आणि नदीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर दिसली. एब्बा नदीच्या उतारावर पोचली तेव्हा डुड्डा तिथे वाळलेल्या ओंडक्यावर बसलेला होता. नदी तिथे गुडघाभरच खोल. पलीकडे वाळवंट, त्यामागे उंचवटा. एब्बा त्याच्यापासून दहा पावलांवर बसली. डुड्डाने तिला हटकलं नाही. बसायला बंदी नव्हती, बोलायला होती, तीही पलीकडच्याशी.



"डुड्डाभाऊ."

"हं."

"गेल्या वर्षी मी त्याला म्हणाले होते, जाऊ नको. त्या पहाटे. मी म्हणाले."

डुड्डाने वाळूत थुंकी टाकली.

"नवं लग्न झालेला माणूस पावसात अंथरुणात राहतो, ते एकट्याच्या विचाराने राहत नाही. एवढं कळतं मला."

"मग माझ्यावरही चालव तो भाला."

"पाय त्याचे होते. सांगायला तोंड त्याचं होतं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू काल खरं बोललीस. ते ऐकलंय मी. पण त्याने माझी पोर परत येत नाही, अन् माझा निवाडाही बदलत नाही."

आणि तेव्हाच पलीकडच्या वाळवंटावर माणूस दिसला.

चालण्यावरूनच तिने ओळखलं. बारीक झाला होता. पाठीला बोचकं, हातात काठी. शीळ घालत नव्हता. डुड्डा उठला, भाला हातात घेऊन पाण्याच्या कडेला गेला. एब्बाही उठली. तिने ओठ दातांत इतके घट्ट धरले की रक्ताची चव आली. एक शब्द ओरडला असता तर तीही नदीपार झाली असती. त्याचं तिला काही नव्हतं. पण शब्द ऐकून तो थांबेल की धावत येईल, हेच तिला सांगता येत नव्हतं. वर्षभर ज्याच्याजवळ झोपली, त्याचं एवढंही ठाऊक नव्हतं.

किन्ना पाण्यापर्यंत आला. उकिडवा बसला, ओंजळीने पाणी प्याला, तोंड धुतलं. मग उभा राहून त्याने पश्चिमेला कोर पाहिली, या काठावरची दोन माणसं पाहिली. एक पाय पाण्यात घातला.

तो पाय त्याने काढून घेतला आणि मागे उंचवट्याकडे गेला.

"भाला दिसला त्याला," डुड्डा म्हणाला. "पहाटे येईल, माझा डोळा लागला की. मी झोपायचाच नाही."

झोपलं कुणीच नाही. पूर्व उजळली तेव्हा धुकं पाण्यावर होतं आणि उंचवटा त्याच्या वर कोरडा उभा होता. एब्बाने आधी दोन खुंट पाहिले. ताज्या तोडलेल्या फांद्यांचे, साल काढलेले, पांढरे. एक उंच, एक बुटका. दोन्ही खुंट डोंगरांमधल्या खाचेच्या रेषेत होते, आणि उंच खुंटामागे किन्ना उभा होता. डोंगरांच्या दिशेला तोंड, एक हात लांब, बोट उभं. खाली नदीकडे त्याने नजरही टाकली नाही.

सूर्य उगवला. डोंगर दूरचे, खाच इथूनही तशीच दिसायची; तो तिला नुकता टेकला होता, आत गेला नव्हता. किन्नाने हात खाली घेतला. पुन्हा धरला. पुन्हा खाली घेतला, तिसऱ्यांदा धरला. मग खाली बसून त्याने चाकू काढला आणि काठीवर काहीतरी कोरलं. त्यानंतर तो फांद्या गोळा करायला लागला. त्या वाकवून, टोकं मातीत रोवून, तो झोपडी बांधायला लागला. दोन दिवसांची नव्हे, चांगली आडोशाची.

डुड्डा बघत राहिला. त्याचा जबडा हलत होता.

"आता बघतोय," तो म्हणाला. "आता रोज बघेल. गेल्या वर्षी एक दिवस, एकच दिवस एवढं बघितलं असतं मेल्याने..."

त्याने भाल्याचं टोक वाळूत खुपसलं, ओढून काढलं, बाहीला पुसलं.

"तणाच्या महिन्याला मी भट्टीवर असेन," तो एब्बाकडे न बघता म्हणाला. "येईल तेव्हा माझ्या दारावरून आणू नको त्याला. दुसऱ्या वाटेने ने."

तो वस्तीकडे गेला. चालताना भाला काठीसारखा टेकत होता.

एब्बा घरी आली तेव्हा ऊन हुन्नाच्या घोट्याच्या वर आलं होतं. रात्रभर सून घरात नव्हती, हे त्याने विचारलं नाही. काठी आणि चाकू मांडीवर होते. तिसऱ्या लिथाची खाच त्याने अजून कोरली नव्हती.

"खाचेला टेकलाय," ती म्हणाली. "आत नाही."

"हं."

"नदीपलीकडे उंचवट्यावर दोन खुंट रोवलेत. नवे. एक उंच, एक बुटका. तिथे एक माणूस उभा राहून बघत होता. तीनदा बघितलं त्याने. मग झोपडी बांधायला घेतली."

हुन्ना चाकूची धार अंगठ्यावर घासत राहिला.

"टाचा जुळवल्या होत्या त्याने?"

"एवढ्या लांबून नाही दिसत, मामंजी."

"नसणारच जुळवल्या." म्हाताऱ्याचा आवाज चढला, आणि मग चिरकला. "सात वर्षांचा होता तेव्हापासून सांगतोय, टाचा जुळव, नाहीतर बोट हलतं. सात वर्षांचा होता, सूनबाई! ऐकेल तर शपथ!"

"आला की तुम्हीच सांगा."

हुन्नाने काठी चाचपली, गेल्या वर्षीची मोकळी जागा ओलांडून बोट पुढे नेलं आणि चाकू टेकवला.

"सांगतो," तो म्हणाला. "आज एक गेला. अजून अठ्ठावीस."